गादीनं भाजलेले गुडघे

मॅटवर सूर मारला तर लागत नाही, असं मी बारा मुलींना सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं.

मी विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं कुठंतरी ते बाहेर येणारच आणि मग तुम्ही म्हणाल, लपवून ठेवलं होतं. वीसेक वर्षं मी नववीला बल, दाब, घर्षण शिकवत आलोय. फळ्यावर एक चौकोन काढायचा, त्याला बाण लावायचे. वजनाचा बाण खाली, घर्षणाचा बाण मागं. चौकोनाला कातडी नसते, तो बिचारा कधी कण्हत नाही. त्या चौकोनाच्या जागी कुणाचा तरी गुडघा असू शकतो, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

परवा शाळेत टेम्पो आला आणि त्यातून मॅटचे चौकोन उतरले. नवी चप्पल उन्हात ठेवल्यावर येतो तसला वास व्हरांडाभर पसरला. ज्वारी पोटरीत आलीय, प्रार्थनेला पोरं हात काखेत घालून उभी राहतात, फाटकाची कडी सकाळी हाताला चावते. हे दिवस आले की आमच्या बेंबळीकडच्या गावांत खो-खोचा वारा सुटतो. इकडं हा खेळ कुणाला शिकवावा लागत नाही. पोरगी नीट चालायला लागायच्या आत ओट्यावर बसलेल्या आज्याच्या पाठीत थाप मारून ‘खो’ म्हणते. तर मॅटचा तो वास आला आणि माझ्या उजव्या गुडघ्यावरचा रुपयाएवढा चकचकीत डाग खाजायला लागला. मला तारखा लक्षात राहत नाहीत, पण या डागाला हंगाम बरोबर कळतो. वैताग आहे नुसता.

पाच वर्षांपूर्वीचा असाच आठवडा. आमच्या क्रीडाशिक्षिका माने मॅडमना ऐन वेळी निवडणुकीच्या कामाला लावलं. रविवारी धाराशिवला जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड, आणि बुधवारी मॅडम प्रशिक्षणाला. हेडमास्तरांनी स्टाफरूमभर नजर फिरवली. गणिताचे सर वर्तमानपत्राआड गेले. मराठीच्या बाईंना खोकला आला. मी आपला वेंधळ्यासारखा समोर बघत बसलो होतो. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही तसे मोकळेच असता. जाताना मॅडमनी हातात एक चिठ्ठी कोंबली, ‘सर, वाचा हं’ असं दोनदा सांगितलं. मी दोनदा हो म्हणालो आणि चिठ्ठी पँटच्या खिशात ठेवली.

आमचं मैदान मातीचं. मुली ते स्वतः करतात. माती चाळणीनं चाळायची, खडा दिसला की वेचायचा, संध्याकाळी पाणी शिंपडायचं, सकाळी रूळ फिरवायचा. चाळलेल्या ओलसर मातीला सकाळच्या उन्हात एक गोडसर वास येतो. तिच्यावर पोरी अशा सूर मारायच्या, जणू विहिरीत उडी घेतायत. उठायचं, कपडे झटकायचे, पुन्हा बसायचं मैदानाच्या मधल्या पाटीवर. कधी ओरखडा, कधी कोपराला मातीचा पट्टा. मातीत पडणं हा पडण्यातला सगळ्यात सभ्य प्रकार, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

या बारा जणींत अंजुम होती. एस.टी. थांब्याजवळ शिलाईचं दुकान असलेल्या रज्जाक मास्टरची थोरली मुलगी. पळायला तिच्यापेक्षा चपळ तिघी-चौघी होत्या. तिचं सगळं भांडवल म्हणजे तिचा सूर. पळणारी दोन हात पुढं असायची, सुटली असं बघणाऱ्यांना वाटायचं, आणि तेवढ्यात अंजुम आडवी होऊन हवेतनं जायची नि तिच्या टाचेला बोट लावायची. बोटच. आदल्या वर्षी ती जिल्ह्याच्या संघात राखीव होती. तीन दिवस दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळून परत आली. त्या वयोगटात बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. मला तिनं एकदाच सांगितलं होतं, “सर, यंदा बाटल्या धरायला जानार न्हाय मी.”

निवड मॅटवर होणार असं पत्रात होतं. म्हणून शेजारच्या एका शाळेतून चार दिवसांसाठी मॅट मागून आणली. गुरुवारी सकाळी चौकोनात चौकोन अडकवून ती पसरली. मुली चपला काढून तिच्यावर अशा उभ्या राहिल्या, जशा पाहुण्यांच्या घरच्या गालिच्यावर. कुणी अंगठ्यानं दाबून बघितलं. मीही दाबलं. मऊ. आणि मग मी माझं ते वाक्य बोललो. पुढं हेही म्हणालो, की मातीत लागतं कारण माती टणक असते, ही तर गादी आहे, बिनधास्त घ्या सूर. विज्ञानाच्या सरांनी सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

पहिला सूर अर्थातच अंजुमचा. मातीवर तिच्या सुराचा आवाज ‘सर्र’ असा यायचा, लांब, शेवटी विरत जाणारा. मॅटवर आला तो ओल्या फरशीवर रबरी चप्पल ओढल्यासारखा, तुटका. ती नेहमीच्या निम्म्या अंतरावर थांबली. थांबली म्हणजे मॅटनं तिला धरलं. उठून गुडघ्याकडं बघत राहिली. आधी तिथं पांढरं होतं, मग लाल ठिपके आले, मग ते ठिपके ओले होऊन एकमेकांत मिसळले.

“सर, भाजतंय,” ती म्हणाली.

भाजायला तिथं काय विस्तव आहे का, असं मी विचारलं. हे मी विचारलं. हिवाळ्यात तळहात चोळून वर्गाला ‘घर्षणातून उष्णता’ दाखवणारा मी. तोवर आणखी दोघींनी सूर मारला होता आणि त्याही गुडघा धरून बसल्या होत्या. मग माझ्यातला शिक्षक खवळला. नाटकं करू नका, मी दाखवतो, म्हणालो आणि पळत सुटलो.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस सूर मारत नाही. तो पडतो, फक्त आधी थोडा पळतो. सगळ्यात पहिल्यांदा माझं पोट पोचलं, मग तळहात, मग उजवा गुडघा, आणि गुडघा जिथं टेकला तिथंच राहिला. बाकीचा मी पुढं गेलो. टेरिकॉटच्या पँटला गुडघ्यावर भोक पडलं, त्याच्या कडा वितळून कडक झालेल्या. आतल्या कातडीचं काय झालं ते सांगत नाही, तुम्ही जेवायच्या बेतात असाल. पालथा पडलो तेव्हा खिशातनं मॅडमची चिठ्ठी बाहेर आली. मी तिथंच, मॅटवर बसल्या बसल्या ती वाचली. ‘मॅटवर पहिले दोन दिवस सूर नको. कातडीला सवय नाही. नी-कॅप कपाटात.’

खरं तर माझ्या अंगानं हा धडा मला आधी तुकड्यातुकड्यानं शिकवला होता. कॉलेजात असताना मांडीवर क्रिकेटचा चेंडू बसला होता. वर साधा ओरखडा नाही, पण आत काहीतरी फुटलं आणि तिथं जांभूळ पिकलं. मग ते हिरवं झालं, पिवळं झालं, पंधरा दिवस मी ते मित्रांना दाखवत हिंडलो. सरळ समोरून येणारा मार असा असतो. कातडी शाबूत ठेवतो आणि आतलं मऊ मांस चेंगरून जातो. आणि एका नवरात्रात मी कोरे बूट घालून तुळजापूरला चालत निघालो. हीही माझीच अक्कल. टाच मागं जायची, बूट पुढं यायचा, पुन्हा टाच मागं. दोघांच्या ओढाताणीत कातडीच्या वरच्या आणि खालच्या थराची ताटातूट झाली आणि मधल्या जागेत पाणी भरलं. अर्ध्या वाटेत बूट गळ्यात अडकवून देवीकडं गेलो. तिथं कुठं मार होता? टाचेवर कुणी काही आपटलं नव्हतं. नुसतं घासणं, थोडं थोडं, हजार वेळा. तरी मला कळलं नाही. गादी मार झेलते, घासणं झेलत नाही, एवढी साधी गोष्ट. वरून खाली येणारा जोर मऊपणा पिऊन टाकतो. आडव्या जोराला मऊपणाशी काही देणंघेणं नसतं, उलट गुडघा जरा रुतला की पकड आणखी घट्ट होते. सूर मारल्यावर कुणीतरी सरकायलाच हवं. मातीत माती सरकते, कण कणावरून घरंगळतो. मॅट सरकत नाही. मग कातडी सरकते.

हे आता सुचतंय. त्या दिवशी मला सुचला कापूस. शाळेच्या पेटीत हळद आणि कापूस होता, तिन्ही मुलींच्या आणि माझ्या गुडघ्यावर मी ते छान थापलं. शुक्रवारी सकाळी तो कापूस वाळून कातडीचाच भाग झाला होता. उपकेंद्रातल्या सिस्टरनी तो पाण्यानं भिजवून भिजवून, तंतू तंतू वेचून काढला, खाली अडकलेले मॅटचे काळे कण धुऊन काढले, आणि मलमाची जाळीदार पट्टी लावली. “कापूस कुनी लावला ह्यो?” त्यांनी विचारलं. तिन्ही मुली एकाच वेळी माझ्याकडं बघायला लागल्या. मी माझा गुडघा पुढं केला, म्हणजे निदान सहानुभूती तरी मिळावी. मिळाली नाही.

सिस्टर म्हणाल्या, जखम खोल नाही, पण त्याच जागेवर पुन्हा घासलं तर कठीण आहे. रविवारी खेळायचं तर गुडघा टेकू देऊ नका. अंजुमचा सूर आणि गुडघा न टेकणं, म्हणजे पोहणाऱ्याला सांगायचं की पाण्याला शिवू नको. येताना ती अख्खी वाट पाय न दुमडता, ताठ टाकत चालत होती. थांब्यापाशी आल्यावर म्हणाली, “बाटल्याच धरते मग.”

मला रागवायचं होतं. कुणावर ते ठरत नव्हतं. निवडणुकीवर, हेडमास्तरांवर, माती सोडून रबराचं वेड लागलेल्या लोकांवर, गुडघ्यावर कातडी इतकी पातळ ठेवणाऱ्या निर्मात्यावर. फिरून फिरून सगळे रस्ते माझ्याच घरी येत होते.

फाटकी पँट काखेत मारून मी संध्याकाळी रज्जाक मास्टरच्या दुकानात गेलो. पँट हे निमित्त. अंजुम बाकावर पाय लांब करून बसली होती. मास्टर मला बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली शिवण शेवटापर्यंत नेली, दोरा तोडला, आणि मग माझी पँट घेऊन भोकाच्या कडेवरनं अंगठा फिरवला.

“वितळलीय की ही.”

मी म्हणालो, हो, घर्षणानं उष्णता निर्माण होते.

“ते काल सकाळी म्हाईत न्हवतं का?” ते शांतपणे म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, की त्यांच्याकडं रफूला येणाऱ्या पँटी कुठं कुठं फाटतात, हे सांगा. फाटायच्याच, सगळीकडं फाटतात, असं काहीतरी मी म्हणालो. मास्टरनी मान हलवली. कापड ओढून बघा, दोघांनी दोन्हीकडनं ओढा, लई वेळ तग धरतं. तेच एका जागी घासत राहा, चार दिवसांत जाळी होते. बैठकीवर जातं, गुडघ्यावर जातं, मांडीला मांडी घासते तिथं जातं. “कापड काय नि कातडं काय, सर. आडवं घासलं की संपलं.” इतक्या वर्षांचा माझा धडा त्यांनी एका ओळीत, मशीनवरनं न उठता संपवला.

मग ते उठले आणि अस्तराचं कापड काढलं, लग्नाच्या कोटाला आतनं लावतात ते गुळगुळीत, हातातनं निसटणारं. त्यांचा बेत असा, की अंजुमला खेळायला लांब पँट शिवायची आणि तिच्या गुडघ्यावर आतनं दोन थर लावायचे, दोन्हींच्या गुळगुळीत बाजू एकमेकींकडं. बाहेरचं जाड कापड मॅटला धरून राहील, आतलं अस्तर गुडघ्याला धरून राहील, आणि जे काही सरकायचं ते या दोघांच्या मधे सरकेल. “दोन कापडांचं भांडन लावून द्यायचं,” मास्टर म्हणाले, “कातडं बाजूला उभं ऱ्हाईल.”

मी थक्क झालो. थक्क झालेल्या माणसानं गप्प बसावं. पण मला आता त्यात भर घालायची होती. मास्टर म्हणाले, कोपराला बी तसंच करू का, पूर्ण बाह्यांचा शर्ट शिवतो. मी म्हणालो, नको. हात मोकळे पाहिजेत, लांब बाहीनं वेग जातो. आणि सूर मारताना जमिनीला टेकतो तो गुडघाच. त्यांनी माझ्याकडं जरा साशंक बघितलं, म्हणून मी त्यांच्या टेबलावरचा खाकी कागद ओढला, त्यांच्याच खडूनं एक मुलगी काढली. डोक्याला गोल, अंगाला रेघ, पुढं ताणलेल्या हातांना दोन सरळ रेघा, दुमडलेले पाय. गुडघ्यापाशी एक बाण खाली, एक मागं. फळ्यावर काढतो तसे, ठसठशीत. मास्टरनी तो कागद बघितला, मापांचे कागद लटकवतात त्या खिळ्याला टोचला, आणि पँट कापायला घेतली.

आता हे लिहिताना खिडकीतनं मैदान दिसतंय. माने मॅडम नव्या पोरींना मॅटवर आधी नुसतं बसवतायत, मग रांगायला लावतायत, सूर अजून दोन दिवस लांब आहे. माझ्याकडं मॅटचे चौकोन जोडायचं काम आहे. काल मी एका पोरीला काही समजवायला गेलो, तर मॅडमनी लांबूनच माझ्याकडं अशी नजर टाकली, की मी वाक्य अर्धं सोडून चौकोनाची कड दाबत बसलो. चौकोन आणि मी, आमचं जुनं नातं आहे.

तर पाच वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी मॅडम थेट धाराशिवच्या मैदानावर आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी अंजुमच्या पँटचा गुडघा चिमटीत धरून सरकवून बघितला, आणि पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. एका पंचांनीही तो गुडघा चाचपला. हे काय आहे, म्हणाले. अंजुम म्हणाली, अस्तर आहे सर. त्यांनी सोडून दिलं.

पण गुडघ्याला अस्तर लावता येतं, भीतीला काय लावणार? पहिला गडी तिच्यासमोरनं गेला. अंजुम झेपावली, आणि मधेच हात आखडून उभी राहिली. दुसऱ्यांदा तेच. दोन बोटांचं अंतर, आणि ती ते कापत नव्हती. निवड करणारे कागदावर काहीतरी लिहीत होते. एका पोरीचं वर्ष मी माझ्या वाक्यानं खाल्लं, आणि ते वाक्य आता तिच्या गुडघ्यात जाऊन बसलं होतं. तिचं अंग माझ्यावर भरवसा ठेवायला तयार नव्हतं, आणि अंगाचं बरोबर होतं.

तिसऱ्या वेळी पळणारी खांबापाशी वळली. अंजुमला खो मिळाला. तिनं एकदा खाली, आपल्या गुडघ्याकडं बघितलं, मास्टरच्या शिवणीकडं, आणि गेली. तो जुना आडवा, लांब सूर. मॅटवर आवाज आला तो मातीतला ‘सर्र’ नव्हता, पण तुटलाही नाही. बोट टाचेला लागलं. पंचाची शिट्टी वाजली. ती उठली, गुडघा दुमडून सरळ केला, हसली. त्यानंतर तिनं असे तीन सूर मारले.

यादी वाचली तेव्हा अंजुमचं नाव सातवं होतं. राखीव नाही, खेळणाऱ्या नऊजणींतलं. मॅडमनी तिला उचलून घेतलं. मीही जवळ गेलो, पण मला काय करायचं ते कळेना, म्हणून मी पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या.

संध्याकाळी एस.टी.तनं उतरून मी तिच्यासोबत मुद्दाम दुकानात गेलो. कबूल करतो, कौतुक ऐकायला गेलो होतो. निदान वाटा मिळेल, अस्तर त्यांचं, बाण माझे. अंजुम पायरीवरनंच म्हणाली, “अब्बा, नाव लागलं.” रज्जाक मास्टर मशीनवरनं उठले. गळ्यातला टेप काढून ठेवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग खाली बसून गुडघे बघितले. जाळीची पट्टी जागच्या जागी, कोरडी.

मी म्हणालो, बघा मास्टर, म्हणालो नव्हतो का.

त्यांनी तिचा उजवा हात धरला आणि झिजलेली बाही बघावी तसा दिव्याकडं वळवला. कोपरापासून मनगटाच्या अर्ध्या वाटेपर्यंत कातडी सोललेली होती, लाल, ओली. डाव्या हातालाही तेच. अंजुमनं बसमध्ये हात अंगाशी धरले होते ते थंडीनं, असं मला वाटलं होतं.

मास्टर उठले, खिळ्यावरचा खाकी कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

“सर, तुमी काडलेल्या पोरीला कोपरच न्हाय.”